ऐकले म्हणजे समजले?

महाविद्यालयातील विज्ञानाचा तास म्हटला की एक चित्र डोळ्यांसमोर येते. फळ्याजवळ प्राध्यापक बोलत आहेत आणि समोर शंभर-सव्वाशे विद्यार्थी वहीत उतरवून घेत आहेत. तास संपत आला की प्राध्यापक विचारतात, 'समजले ना? काही शंका?' कोणी हात वर करत नाही. शंका नाही म्हणजे समजले, असा अर्थ घेऊन पुढच्या तासाला पुढचा मुद्दा सुरू होतो.

हा अर्थ बरोबर आहे का? विज्ञान शिकवणाऱ्यांनी खरे तर हा प्रश्न प्रयोग करून तपासायला हवा. गेल्या चाळीस वर्षांत भौतिकशास्त्राच्या काही अध्यापकांनी नेमके तेच केले. त्यांना काय आढळले आणि त्यातून अध्यापनाची कोणती पद्धत पुढे आली, ते या लेखात पाहू.

ट्रक आणि मोटार

एक अवजड ट्रक आणि एक छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. ट्रकने मोटारीवर लावलेले बल जास्त, की मोटारीने ट्रकवर लावलेले? न्यूटनचा तिसरा नियम ज्याला पाठ आहे त्याला उत्तर यायला हवे : दोन्ही बले समान. पण हा नियम घडाघडा म्हणून दाखवणारे अनेक विद्यार्थी 'ट्रकचे बल जास्त' असे उत्तर देतात. कारण उघड आहे. टकरीनंतर चेंदामेंदा होतो तो मोटारीचा. येथे बल आणि बलाचा परिणाम यांची गल्लत होते. बल सारखेच असते, पण मोटारीचे वस्तुमान कमी असल्याने तिच्यात निर्माण होणारे त्वरण कितीतरी जास्त असते.

असे रोजच्या भाषेतले, आकडेमोड नसलेले प्रश्न अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी विद्यार्थ्यांना विचारले. त्यांचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. गतीविषयी विद्यार्थ्यांच्या मनात आधीपासूनच काही ठाम समजुती असतात आणि महाविद्यालयातील व्याख्यानांनी त्या फारशा बदलत नाहीत, असे त्यांना दिसले. पुढे १९९२ साली हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रश्नांची एक पद्धतशीर चाचणी तयार केली. तिला आपण 'बल-संकल्पना चाचणी' म्हणू.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे लेसर आणि प्रकाशशास्त्रात संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ १९८४ पासून शिकवत होते. विद्यार्थ्यांना त्यांची व्याख्याने आवडत आणि त्यांचे विद्यार्थी अवघड उदाहरणेही सोडवत. १९९० साली हलून-हेस्टेनिस यांचे काम त्यांच्या वाचनात आले. आपले विद्यार्थी असल्या साध्या प्रश्नांत चुकणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती. तरी त्यांनी परीक्षा घेऊन पाहिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांनाच विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची, की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे?

या प्रश्नावर क्षणभर थांबायला हवे. त्या विद्यार्थिनीजवळ दोन भौतिकशास्त्रे होती. एक परीक्षेपुरते आणि दुसरे स्वतःचे, जग समजून घ्यायला ती खरोखर वापरत होती ते. व्याख्यानांनी पहिल्यात भर पडली होती, पण दुसऱ्याला धक्काही लागला नव्हता.

तीन दिवे

यानंतर माझूर यांनी एकाच परीक्षेत विजेच्या परिपथावर दोन प्रकारचे प्रश्न दिले. पहिला नेहमीचा होता : बॅटऱ्या आणि रोध यांचे जाळे दिले आहे, किरचॉफचे नियम वापरून विद्युतधारा काढा. दुसऱ्यात आकडेच नव्हते. तो वाचकांनीही सोडवून पाहावा. अ, ब आणि क हे तीन सारखे दिवे बॅटरीला एकसर जोडले आहेत. क या दिव्याच्या दोन टोकांना एक स्विच जोडला आहे. स्विच बंद असताना, म्हणजे त्यातून वीज वाहत नसताना, तिन्ही दिवे सारखेच उजळतात. आता स्विच चालू केला. प्रत्येक दिव्याचे काय होईल?

स्विचमधून जवळजवळ बिनरोध वाट मिळाल्याने धारा त्या वाटेने जाते आणि क विझतो. आधी बॅटरीचे विभवांतर तीन दिव्यांत वाटले जात होते, आता ते दोघांतच वाटले जाते. म्हणून अ आणि ब अधिक उजळतात. दिव्यांचा रोध बदलत नाही असे धरले, तर धारा आधीच्या दीडपट होते आणि प्रत्येक दिव्यात खर्च होणारी शक्ती सव्वादोनपट.

तोंडी सुटणारा हा प्रश्न विद्यार्थ्यांना त्या लांबलचक उदाहरणापेक्षा जड गेला. समीकरणांचे पान भरून बरोबर उत्तर काढणारे कित्येकजण येथे अडखळले. उदाहरण सोडवण्याची कृती त्यांना येत होती, पण त्या कृतीमागे काय चालले आहे याचे चित्र मनात नव्हते. आपल्याकडेही 'गणिते' सोडवून घेण्यावर जो भर असतो, त्यात हा धोका आहेच.

शेजाऱ्याला पटवून दे

१९९१ पासून माझूर यांनी तासाची रचना बदलली. तिला आपण सहाध्यायी-शिक्षण म्हणू. तासाचे छोटे भाग पाडायचे. एका भागात सात-दहा मिनिटे एक संकल्पना समजावून सांगायची आणि मग तिच्यावर एक बहुपर्यायी प्रश्न विचारायचा. पुढचा क्रम असा :

१. प्रत्येकाने मिनिट-दोन मिनिटे एकट्याने, न बोलता विचार करायचा.
२. सर्वांनी एकाच वेळी आपला पर्याय दाखवायचा. बरोबर उत्तर शिक्षकांनी अजून सांगायचे नाही.
३. ज्याचे उत्तर वेगळे आहे अशा शेजाऱ्याशी दोन-चार मिनिटे बोलून त्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे.
४. पुन्हा पर्याय दाखवायचा. त्यानंतर शिक्षक उत्तर आणि त्यामागची कारणे सांगतात.

पहिल्या फेरीत फारच थोडी उत्तरे बरोबर आली, तर चर्चेला आधारच नसतो, तेव्हा शिक्षकांनी मुद्दा पुन्हा समजावणे बरे. बहुतेकांचे बरोबर आले, तर पुढे जावे. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील, तेव्हा चर्चेला खरा रंग चढतो.

समजा, ट्रक-मोटारीचा प्रश्न आहे. 'अरे, मोटारीचा चुराडा झाला, मग ट्रकचंच बल जास्त ना?' 'बल सारखंच. पण मोटार हलकी आहे, म्हणून तिच्यावर परिणाम जास्त.' 'मग माशी काचेवर आपटली तर तिचंही बल काचेइतकंच?' 'हो, तेवढंच. काचेला ते जाणवत नाही, माशीला जाणवतं!' हा माशीचा दाखला शिक्षकांच्या टिपणांत नसतो, तो संवादातूनच निघतो.

शिक्षक जाणकार असताना शेजाऱ्याचे बोलणे का उपयोगी पडावे? शिक्षकांना ती संकल्पना समजून वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात. समजण्यापूर्वी आपण नेमके कुठे अडलो होतो, हे त्यांना आठवत नाही. ज्याला ती पाचच मिनिटांपूर्वी समजली, त्याला मात्र ती अडचण ताजी असते. शिवाय बोलून दाखवावे लागले की आपल्या विचारातील भोके आपल्यालाच दिसू लागतात.

येथे एक शंका रास्त आहे. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरे वाढतात ती हुशार मुलाचे पाहून तर नव्हे? कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशशास्त्राच्या एका वर्गात हे तपासले गेले. चर्चा झाल्यावर, उत्तर न सांगता, त्याच तत्त्वावरचा पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न दिला आणि तो प्रत्येकाने एकट्याने सोडवला. त्यातही बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढले. गटात सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नसेल, तरीही चर्चेतून पुष्कळदा समज वाढते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले.

मोजमाप काय सांगते?

शिकण्याचे मोजमाप करताना एक काळजी घ्यावी लागते. सुरुवातीला ४० गुण असणारा ७० वर गेला आणि ८० असणारा ९० वर गेला, तर जास्त कोण शिकले? पहिल्याला ६० गुण वाढण्यास वाव होता, त्यातले ३० त्याने मिळवले. दुसऱ्याला २० चा वाव होता, त्यातले १० मिळवले. दोघांचेही गुणोत्तर ०.५. यास लाभ-गुणोत्तर म्हणू.

इंडियाना विद्यापीठाचे रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे असे गुणोत्तर प्रसिद्ध केले. केवळ व्याख्यानांवर चालणाऱ्या १४ अभ्यासक्रमांची सरासरी ०.२३ होती आणि विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करायला लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांची ०.४८, म्हणजे दुपटीहून अधिक. व्याख्यानांच्या १४ अभ्यासक्रमांपैकी एकाचेही गुणोत्तर ०.३ पर्यंत पोचले नाही.

हे भौतिकशास्त्रापुरते खरे आहे असेही नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्याख्यानांच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, तर सक्रिय शिक्षणाच्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. शंभरांच्या वर्गात हा बारा मुलांचा फरक आहे. त्या बारांपैकी कित्येकांचे शिक्षण पुढे चालू राहणार की तेथेच थांबणार, हे या फरकावर ठरू शकते.

शिकलो, पण तसे वाटत नाही

मग ही पद्धत सर्वत्र का रुळली नाही? एक कारण हार्वर्डमध्येच झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने एक विषय अनुभवी अध्यापकाच्या सफाईदार व्याख्यानातून शिकला, तर दुसऱ्याने तोच विषय, तेच साहित्य घेऊन, स्वतः गटात सोडवत शिकला. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. चाचणीत सक्रिय वर्गाला गुण जास्त मिळाले. पण 'मी आज किती शिकलो' या प्रश्नाला व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला वरचढ ठरवले!

यात नवल नाही. ओघवते व्याख्यान ऐकताना विषय सोपा वाटतो. हा सोपेपणा वक्त्याच्या तयारीचा असतो, श्रोत्याला मात्र तो स्वतःच्या समजुतीचा वाटतो. उलट, स्वतः झगडताना आपण चाचपडतो आहोत हे जाणवत राहते आणि त्या चाचपडण्यातच शिकणे होत असते. म्हणून ही पद्धत सुरू करताना विद्यार्थी कुरकुरतील, 'सर शिकवतच नाहीत' असेही म्हणतील. असे का वाटते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगावे. वरील संशोधकांनी तसे केल्यावर विद्यार्थ्यांचा कल बदलला.

आपल्या वर्गात

यासाठी यंत्रांची गरज नाही. परदेशांत यासाठी बटणे दाबण्याची उपकरणे वापरतात, पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ती उपकरणे आणि साधी पुठ्ठ्याची कार्डे यांच्यामुळे होणाऱ्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अ, ब, क, ड लिहून प्रत्येकाला चार कार्डे देता येतील. कार्ड छातीशी धरून सर्वांनी एकदमच दाखवावे. हात वर करायला लावले, तर मागची मुले पुढच्यांचे हात पाहून मत ठरवतात. बाके हलवायलाही नकोत, एका आड एक बाकावरील मुलांनी मागे वळले की चौघा-सहांचे गट होतात. गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्यावी.

सारी मदार प्रश्नावर असते. प्रश्न एकाच संकल्पनेवर असावा, सूत्रात आकडे घालून सुटू नये आणि त्याचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींतून घेतलेले असावेत. जुन्या उत्तरपत्रिका ही अशा समजुतींची खाण आहे. एक नमुना जीवशास्त्रातला : आंब्याच्या कोयीपासून मोठा वृक्ष झाला. त्याच्या वाळलेल्या लाकडातील बहुतांश वस्तुमान कोठून आले? (अ) मातीतील खनिजे (ब) पाणी (क) हवेतील कार्बन डायॉक्साइड (ड) सूर्यप्रकाश. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण बिनचूक लिहिणारेही येथे 'अ' दाखवताना आढळतील. उत्तर 'क' आहे. लाकडातील कार्बन आणि बराचसा ऑक्सिजन हवेतून आलेला असतो. सूर्यप्रकाशातून ऊर्जा मिळते, पदार्थ नव्हे.

राहिला अभ्यासक्रम पूर्ण होण्याचा प्रश्न. चर्चेला वेळ जातो हे खरे आहे. माझूर यांनी व्याख्या आणि माहिती विद्यार्थ्यांनी आधी घरी वाचून यावी अशी व्यवस्था केली. आपल्यालाही उद्याच्या तासाची दोन-तीन पाने आदल्या दिवशी वाचायला सांगता येतील आणि तासाच्या प्रारंभी त्यावर दोन सोपे प्रश्न विचारता येतील. पुस्तकात छापलेले फळ्यावर उतरवून देण्यात जाणारा वेळ वाचला, तर चर्चेला दहा मिनिटे सहज मिळतात.

सगळा वर्ग एकदम बदलायची आवश्यकता नाही. येत्या आठवड्यात एका तासाला एकच प्रश्न विचारून पाहावा. उत्तर लगेच सांगण्याचा मोह आवरावा, आणि मुले आपसात बोलत असताना बाकांमधून हळूच फिरत ऐकावे. कोणत्या समजुतीमुळे कोण कोठे अडले आहे, हे एरवी परीक्षेनंतर कळते. येथे ते शिकवण्याला अजून वेळ हाताशी असतानाच कळेल.