वेठीचा कोस आणि त्यापुढचा

अपकार करणाऱ्यावर उपकार करणे ही ख्रिस्ती जीवनातली सर्वांत अवघड शिकवण आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरील प्रवचनात ती येते. येशूने तिथे घेतलेली उदाहरणे श्रोत्यांच्या रोजच्या जगण्यातली आहेत: उजव्या गालावर बसलेली चपराक, कोर्टकज्जात काढून घेतला जाणारा अंगरखा आणि सरकारी वेठ.

यातली वेठ मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रोमन अमलाखालच्या मुलखात शिपाई वाटेवरच्या कुणालाही धरून त्याच्या पाठीवर ओझे देऊ शके. कुरेने गावच्या शिमोनाला येशूचा वधस्तंभ असाच वेठीने वाहावा लागला. मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘वेठ’ हाच शब्द आला आहे आणि अंतर कोसात मोजले आहे: एक कोस वेठीस धरले तर दोन कोस जा, असे येशू सांगतो. कोस संपतो, शिपाई ओझे उतरवून घ्यायला हात पुढे करतो आणि घामाघूम झालेला माणूस म्हणतो, राहू द्या, अजून एक कोस नेतो. पहिला कोस सक्तीचा होता. दुसरा त्याने आपणहून दिला. देणारा माणूस वेठबिगार उरत नाही, आणि हुकूम सोडणाऱ्या शिपायाला पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. सगळी शिकवण या दुसऱ्या कोसात आहे. मुकाट्याने सोसणे पहिल्या कोसातही घडते, त्याला श्रद्धा लागत नाही.

गालावरच्या चपराकीतही हेच आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हाताची मागची बाजू वापरावी लागते. असा फटका इजेपेक्षा अपमानासाठी मारला जातो, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही आणि उलटून मारतही नाही. तो ताठ उभा राहतो.

या विचाराची मुळे यहुदी धर्मशास्त्रातच आहेत. जेवढी इजा तेवढीच शिक्षा, हा जुना नियम सूड वाढू नये म्हणून होता. त्याच शास्त्रात वैऱ्याचा चुकलेला बैल त्याच्या दावणीला नेऊन पोचवण्याची आज्ञा आहे. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने भुकेल्या वैऱ्याला जेवू घालायला सांगितले आणि त्यामुळे त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातील अशी जुन्या नीतिसूत्रांतली प्रतिमा वापरली. पश्चात्तापाने होणारी जळजळ, असा तिचा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात.

या शिकवणीचा गैरवापरही पुष्कळ झाला आहे. मार खाणाऱ्या बाईला, पिळल्या जाणाऱ्या मजुराला ‘सोस’ म्हणून सांगण्यासाठी ती वापरली गेली, आणि हा शुभवर्तमानाशी सरळ द्रोह आहे. चौकशीच्या वेळी शिपायाने तोंडात मारली तेव्हा येशूने त्याला मारण्याचे कारण विचारले. फिलिप्पै शहरात बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकलेला पौल गुपचूप सुटून जायला तयार झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. अन्यायाला अन्याय म्हणायचे आणि तरी अन्याय करणाऱ्याचे वाईट चिंतायचे नाही, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

महाराष्ट्राच्या कानाला हे नवे नाही. गोदावरीवरून परतणाऱ्या एकनाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे पुन्हा स्नानाला गेले. इतकी गोदास्नाने घडवल्याबद्दल त्यांनी उलट त्याचेच आभार मानले, ही आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. पसायदानातले मागणेही दुष्टांचा नाश व्हावा असे नाही, त्यांच्यातले दुष्टपण जावे असे आहे.

म्हणूनच कवी नारायण वामन टिळकांना हे प्रवचन परके वाटले नसावे. 1891 च्या सुमारास ते संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी नागपुरात आले होते. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. त्याने टिळकांशी आदराने बोलून बायबलची प्रत हातात ठेवली. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आप्तांचा रोष आला आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तले टिळक तापट आहेत आणि घरातले दुसऱ्याला देऊन मोकळे होणारेही. क्षमा म्हणजे मवाळ स्वभाव, हा समज या पुस्तकाने सहज पुसला जातो. लक्ष्मीबाईंनी पुढे 1900 साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाईंना याहून जाहीर रोष पत्करावा लागला. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथल्या काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून 1893 साली वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची धर्मांतराची भीती खोटी होती असे म्हणता येत नाही. पण ज्या समाजाने पाठ फिरवली त्याच समाजातल्या मुलींचे काम रमाबाईंनी सोडले नाही, हेही तितकेच खरे. 1896-97 च्या दुष्काळात त्या नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. आधीच्या एका दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली होती. या मुलींसाठी केडगावात ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली.

या शिकवणीची अलीकडची सर्वांत कठीण कसोटी होळकरांच्या इंदूरजवळ लागली. केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात गरीब आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवण्याचे काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये सुपारी घेतलेल्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. कायदा आपल्या वाटेने गेला आणि तो अडवायला कुणी गेले नाही. 2002 साली त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानेच अर्ज केले आणि 2006 साली तो सुटला. पुढे तो केरळात क्षमा मागायला गेला तेव्हा राणी मारियांच्या वृद्ध आईने त्याचे दोन्ही हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, असे तिने त्याचे कारण सांगितले.