आटतं ते पाणी, मीठ नाही

आज मी तुमच्याशी एका अशा जिवाबद्दल बोलणार आहे, जो तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला नसेल. त्याचं नाव समुद्रफूल. नावात फूल आहे, पण आहे तो प्राणी. तुम्ही म्हणाल, आमच्या दारात शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, समुद्र तर शंभर कोस लांब. हे खाऱ्या पाण्यातलं फूल आम्हाला कशाला? सांगते. या फुलापायी आमच्या गटातल्या एका ताईचा पगार कापला गेला आणि गटाचा हप्ता थकला.

आमचा गट घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत आहे. गटात तेरा जणी. कुणी साताऱ्याकडची, कुणी जालन्याची, कुणी रत्नागिरीची. म्हणजे तुमच्याच गावांतून आलेल्या. त्यातल्या सात-आठ जणी घरकाम करतात. ज्या ताईंबद्दल मी बोलते आहे, त्या मुलुंडला एका घरी कामाला जातात. त्यांचा हप्ता कधी एक दिवस पुढे गेला नव्हता. आणि एकदा लागोपाठ दोन महिने त्या बैठकीत मान खाली घालून बसल्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मालकीणबाई महिन्याला 2000 रुपये कापत होत्या. एकूण 18000 कापायचे होते. कारण काय, तर ताईंनी त्यांची माशांची टाकी मारली.

झालं होतं असं. मे महिन्यात घरची माणसं पंधरा दिवस गावाला गेली. जाताना ताईंना सांगितलं, "टाकीतलं पाणी कमी झालं की भरत जा. आणि लक्षात ठेवा, पाणी मिठाचं आहे." ताईंनी बोट बुडवून चव घेतली, तेवढंच खारट पाणी घरातल्या मिठाचं केलं आणि रोज इमानाने दोन लिटर भरलं. आठवड्याभरात समुद्रफूल आक्रसलं, जागा सोडून सरकत सरकत पाण्याच्या पंपाला जाऊन चिकटलं आणि फाटलं. पाणी दुधासारखं झालं. मासेही गेले.

आता तुम्हीच सांगा, ताईंचं काय चुकलं? खारं पाणी कमी झालं, खारं पाणी भरलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग मी आमच्या मुलुंड-भांडुपच्या मिठागरांकडे पाहिलं. पूर्व द्रुतगती महामार्गाने जाताना ती दिसतात. मीठ कसं तयार होतं? खाडीचं पाणी वाफ्यांत घेतात, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. टाकीतही तेच होतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ आहे तिथेच असतं. आमटी आटून खारट झाली तर आपण त्यात मिठाचं पाणी घालतो का? साधं पाणी घालतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतही रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची असते.

हिशेब करून बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे 100 लिटरच्या टाकीत साडेतीन किलो. ताईंनी पंधरा दिवसांत 30 लिटर खारं पाणी घातलं, म्हणजे आणखी एक किलोच्या वर मीठ. लिटरमागे 35 चे 45 ग्रॅम झाले. समुद्रातल्या जिवाला एवढा फरक सोसत नाही. त्यात ते खायचं मीठ. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच क्षार असतात. खायच्या मिठात जवळजवळ एकच क्षार, वर आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड. टाकीसाठी वेगळं समुद्री मीठ विकत मिळतं, ते महाग असतं. शहरातलं नळाचं पाणीही तसंच चालत नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. फिल्टरचं शुद्ध केलेलं पाणी वापरतात.

आता हा प्राणी आहे तरी कसा, ते ऐका. जेलीफिश आणि प्रवाळ यांच्या कुळातला. खाली चकतीसारखा पाय, त्याने तो खडकाला धरून बसतो. वर मधोमध तोंड आणि भोवती पाकळ्यांसारखे हात. त्या हातांवर सूक्ष्म डंख असतात. लहान मासा, कोळंबी लागली की डंख सुटतो, भक्ष्य सुन्न होतं आणि हात ते तोंडाकडे नेतात. पोटात जायची वाट एकच आणि बाहेर टाकायचीही तीच. म्हणून समुद्रफूल अधूनमधून फुग्यातली हवा गेल्यासारखं आक्रसतं, आतलं घाण पाणी बाहेर टाकतं आणि पुन्हा फुलतं. आक्रसलं म्हणजे मेलं असं नाही. मेलेलं समुद्रफूल विरघळायला लागतं आणि सडक्या माशासारखी दुर्गंधी येते. तसं झालं तर ते तासाभरातच काढावं लागतं, नाहीतर साऱ्या टाकीचं पाणी नासतं.

टाकीत ठेवतात त्यातल्या बहुतेक समुद्रफुलांच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि समुद्रफुलाला देतं. म्हणून अशा टाकीवर दिवसाचे आठ-दहा तास तेज दिवा लागतो. समुद्रफूल पांढरंफटक पडलं, तर ते सुंदर दिसतं म्हणून खूष होऊ नका. अंगातलं शेवाळ गेलं, म्हणजे त्याची उपासमार सुरू झाली. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा किंवा माशाचा नखाएवढा तुकडा द्यायचा. जास्त नाही. उरलेलं सडतं.

नवीन टाकीत हा प्राणी लगेच सोडत नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याला पचवणारे जिवाणू टाकीत आधी वाढावे लागतात. त्याला साधारण महिना-दीड महिना लागतो. समुद्रफुलासाठी तर टाकी सहा महिने ते वर्षभर मुरू देतात. आपण दह्याला विरजण लावतो आणि वाट पाहतो, तसंच. पाणी 24 ते 27 अंश ठेवायचं. मुंबईच्या मे महिन्यात ते यंत्राशिवाय होत नाही, म्हणजे विजेचं बिल आलंच.

केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन फिश तुमच्या मुलांनी टीव्हीवर पाहिला असेल. तो समुद्रफुलाच्या हातांमध्ये घर करतो. त्याच्या अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला डंख लागत नाही. मासा समुद्रफुलाला हात लावू पाहणाऱ्यांना हाकलतो, समुद्रफूल त्याला आसरा देतं. आणखी एक गंमत. हे मासे जन्मतात सगळे नर. कळपातला सर्वांत मोठा असतो तो मादी होतो आणि तिथे तिचंच राज्य चालतं. हे सांगितलं तेव्हा आमच्या बैठकीत हसून हसून पुरेवाट झाली.

घरात समुद्र आणायची हौस जुनी आहे आणि तिच्या मुळाशी बायका आहेत. जान विलप्रू-पॉवर ही फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी, शिवणकाम करून पोट भरणारी. लग्न होऊन सिसिली बेटावर गेली आणि 1832 च्या सुमाराला समुद्रातले जीव जिवंत पाहता यावेत म्हणून तिने काचेची टाकी बनवली. पुढे 1846 मध्ये लंडनच्या अ‍ॅना थिन या बाईंनी समुद्रकाठाहून प्रवाळ घरी आणले. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हता. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. पुस्तकांत नाव येतं अ‍ॅनाबाईंचं. जिच्या हातांवर ते प्रवाळ जगले, ती नुसती "मोलकरीण". हे वाचलं तेव्हा मला आमच्या ताई आठवल्या.

आणि नीट सांभाळलं तर समुद्रफूल किती जगतं? स्कॉटलंडमध्ये 1828 साली किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल 1887 पर्यंत जगलं. एक मालक गेला, दुसरा आला, ते मात्र होतंच. म्हणजे हे खेळणं नव्हे, संसार आहे.

तुमच्यापैकी कुणाची लेक, सून, बहीण शहरात घरकामाला असेल, तर तिला एवढं नक्की सांगा. टाकीत साबणाचा, फिनाइलचा, अत्तराचा हात घालू नये. खोलीत डासांचा फवारा मारू नये. कमी झालेलं पाणी कुठल्या पाण्याने भरायचं, ते मालकांकडून कागदावर लिहून घ्यावं. समुद्रफुलाला उघड्या हाताने शिवू नये, पुरळ येते. तोच हात डोळ्याला गेला तर जास्त त्रास. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, टाकीतला खडक गरम पाण्यात उकळू नये, ब्रशने घासू नये. खडकावर बटणांसारखे दिसणारे काही जीव असतात, त्यांतल्या काहींच्या अंगात फार जहाल विष असतं. वाफेतून ते छातीत गेलं तर माणूस दवाखान्यात जातं. आणि टाकी सांभाळणं हे झाडू-पोछ्यातलं काम नाही. त्याचा पगार वेगळा ठरवावा.

आता दुसरा प्रश्न. हे सगळं ऐकून आमच्या गटातली एक जण म्हणाली, "मॅडम, एवढे महाग जीव आहेत तर आपणच पाळून विकू. गटातून कर्ज द्या." प्रश्न बरोबर होता, म्हणून आम्ही चौकशी केली. समुद्रफुलं बहुतेक समुद्रातूनच काढून आणतात आणि ती तिथे सावकाश वाढतात. एक विकलं की समुद्रातलं एक कमी. प्रवाळ आणि समुद्रघोडे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते काढणं, विकणं गुन्हा आहे. जुहूच्या खडकांवर ओहोटीला समुद्रफुलं दिसतात, 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट लोकांना ती दाखवतो. ती पाहावी आणि तिथेच ठेवावी.

क्लाऊन फिशचं मात्र वेगळं आहे. त्याची पिल्लं टाकीत तयार होतात, समुद्रफूल नसलं तरी चालतं. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोलीला कांदळवन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने अशा माशांचं बीज केंद्र उभं राहिलं. याच ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच्या बायकांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलं. खाडीकाठच्या गटांसाठी 2017 पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे, तिच्यात खेकडे, कालवं, शिंपले यांच्याबरोबर शोभेचे मासेही आहेत. खाडीकाठी नसाल तर गोड्या पाण्यातले गप्पी, मोली हे मासे सोपे आणि स्वस्त. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटला महिलांना खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण अनुदान येईल या भरवशावर कर्ज काढू नका. आधी गिऱ्हाईक, मग प्रशिक्षण, मग एक टाकी, आणि मग कर्ज. आमच्या गटाने त्या मैत्रिणीला एका छोट्या टाकीपुरते पैसे दिले, गप्पींसाठी.

आणि ताईंचं काय झालं? मी आणि त्या मालकीणबाईंकडे गेलो. मिठाचा हिशेब कागदावर मांडून नेला होता. भांडलो नाही. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "भरायचं कोणतं ते मीही नीट सांगितलं नव्हतं." पगार कापणं थांबलं. कापलेले 4000 काही परत आले नाहीत. गटाने ताईंचे थकलेले हप्ते दंड न लावता पुढे ढकलले, आणि बैठकीत ठराव घेतला की कुठल्याही बाईचा पगार कापला गेला तर तिने पहिल्याच महिन्यात गटाला सांगायचं. दोन महिने मान खाली घालून बसायचं नाही.

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत एवढा एक प्रश्न विचारा: कुणाचे पैसे कुठे कापले जात आहेत का, आणि तिने ते आपल्याला सांगितलं आहे का?