केसांची गोष्ट (भाग 5) : चाईवरचं मलम

डोक्यावरची चाई ज्याची त्याला क्वचितच आधी दिसते. ती न्हाव्याला दिसते, नाहीतर वेणी घालणाऱ्या आईला. रुपयाच्या नाण्याएवढा, केस गेलेला गुळगुळीत गोल. खाज नाही, आग नाही, कोंडा नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरातली चाई शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरात बालखोरा होते, पण पहिला तर्क दोन्हीकडे एकच असतो : केसांना कीड लागली. मग कांदा किसला जातो, लसूण चोळली जाते, कुणी गुंजा उगाळतं. गुंजेच्या लेपाला तर मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत ‘इंद्रलुप्ता’वर तो सांगितलेला आहे.

कीड नसते, हे गेल्या भागात पाहिलं. शरीराच्याच संरक्षक पेशी केसाच्या मुळाशी गोळा होतात आणि त्याला परकं समजून हल्ला करतात. दिलासा एवढाच की मूळ मरत नाही. हल्ला थांबला की केस पुन्हा येऊ शकतो, कधी आधी पांढरा आणि मग काळा.

म्हणजे प्रश्न हल्ला थांबवण्याचा आहे, आणि तो थांबवायला सगळ्यांना हवं असतं मलम. सुई नको, गोळी नको, रात्री बोटाने लावलं की झालं. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या जयारोग्य रुग्णालयात किंवा कुठल्याही शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे चाई दाखवली, तर मलमांत सहसा आधी नाव येतं क्लोबेटासोल 0.05 टक्के या तीव्र स्टिरॉइडचं. त्याचा गुण येतो का?

उत्तर सरळ नाही, कारण चाई अनेकदा आपोआप बरी होते. ठिपके थोडे आणि नवे असतील, तर 34 ते 50 टक्के लोकांचे केस वर्षभरात उपचारांविना परततात. मग त्या काळात जे काही लावलं असेल, त्याला यश मिळतं. कांद्याचा डंका यातूनच वाजला. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला : कांद्याचा रस लावणाऱ्या 23 जणांपैकी 20 जणांना सहा आठवड्यांत केस आले, साधं पाणी लावणाऱ्यांत मात्र जेमतेम 13 टक्क्यांना. आकडा मोठा दिसतो. पण माणसं इतकी कमी, आणि कांद्याचा वास तर कुणापासून लपत नाही. कोण काय लावतंय हे रुग्णालाही कळतं आणि तपासणाऱ्यालाही.

म्हणून कुठल्याही मलमाबद्दल पहिला प्रश्न हवा : ते कशाच्या तुलनेत तपासलं?

या प्रश्नाची किंमत रुक्सोलिटिनिबच्या क्रीमने दाखवून दिली. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हल्लेखोर पेशींचा निरोपमार्ग शोधला आणि तो अडवणाऱ्या, ‘जॅक इनहिबिटर’ गटातल्या रुक्सोलिटिनिबच्या गोळ्यांनी तीन रुग्णांना केस आल्याचं दाखवलं. साहजिकच त्याचं क्रीम करून पाहण्यात आलं. सुरुवातीला 12 जणांना उघडपणे दिलं, त्यातल्या निम्म्यांत चांगली सुधारणा दिसली. मग 78 जणांवर खरी परीक्षा झाली. काहींना औषधाचं क्रीम, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. कुणाला काय मिळालं हे गुप्त. चोवीस आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. 2020 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हेच क्रीम पुढे अमेरिकेत कोडावर मंजूर झालं, म्हणजे औषध निकामी नव्हतं. डोक्यावरच्या केसाचं मूळ त्वचेखाली सुमारे चार मिलिमीटर, चरबीच्या थरापर्यंत गेलेलं असतं आणि तिथपर्यंत मलम पुरेसं पोचणं अवघड असतं, असं याचं एक कारण दिलं जातं. डॉक्टर ठिपक्यात स्टिरॉइडची बारीक सुई देतात ती म्हणूनच. अभिनेत्री समीरा रेड्डी यांनी 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की 2016 साली त्यांच्या डोक्यामागे दोन इंचांची चाई सापडली आणि त्यांनी अशीच इंजेक्शनं घेतली.

क्लोबेटासोल मात्र अशा तुलनेच्या परीक्षेत बऱ्यापैकी टिकलं. कॅनडात 41 मुलांवर त्याची तुलना सौम्य हायड्रोकॉर्टिझोनशी झाली. सहा आठवडे लावायचं, सहा आठवडे थांबायचं, असे दोन फेरे. चोवीस आठवड्यांनी क्लोबेटासोलच्या 20 पैकी 17 मुलांत चाईचं क्षेत्र निम्म्याहून घटलं, सौम्य मलमाच्या 21 पैकी 7 मुलांत. तो सातचा आकडाही विसरू नये. इटलीतल्या डॉक्टरांनी त्याहून कठीण रुग्ण घेतले, डोक्यावर एकही केस न उरलेले 28 जण. मलम अर्ध्याच डोक्याला लावून वर प्लास्टिकचं आवरण दिलं. आठ जणांना लावलेल्या बाजूला केस आले. अर्धं डोकं कोरडं ठेवल्यामुळे निकालावर शंका घ्यायला जागा फार उरली नाही. या लेखमालेसाठी वाचलेल्या प्रयोगांत हा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आणखी एका मलमाचं मूळ तर आपल्या किनाऱ्यावरचं. एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ लावत. ती ब्राझीलच्या एका झाडाची भुकटी, पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात आलेली. पहिल्या महायुद्धात जर्मनीला तिचा पुरवठा तुटला, तेव्हा तिथल्या रसायनतज्ज्ञांनी 1916 मध्ये डिथ्रॅनॉल तयार केलं. त्वचेला मुद्दाम थोडी जळजळ करणारं हे मलम चाईवरही वापरतात. 1987 च्या एका अभ्यासात मोठी चाई असलेल्या 68 पैकी सुमारे पाव रुग्णांना समाधानकारक केस आले. उशी आणि टॉवेल मात्र तपकिरी होतात.

आता ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, डोक्यावर हेल्मेट असतं आणि घट्ट मलम घामासोबत कपाळावर, डोळ्यांत उतरतं. डॉक्टरांना तसं सांगावं. क्लोबेटासोल पातळ लोशनमध्येही मिळतं. केसांच्या मुळाशी पुळ्या आल्या किंवा त्वचा पातळ, लालसर झाली, तर थांबून दाखवायला जावं. भुवईवर आपल्या मनाने लावू नये, डोळा जवळ असतो.

सगळ्यात मोठी काळजी मुलांची. मुलाच्या डोक्यावर गोल ठिपका दिसला आणि त्यात कोंडा, तुटलेले खुंट असतील, तर ती चाई नसून बुरशी असू शकते, आणि बुरशीवर स्टिरॉइड लावलं की ती पसरते. सरकारने 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही मेडिकलच्या काउंटरवर ‘खाज-बुरशी सगळ्यावर चालतं’ म्हणून ट्यूब हातात दिली जाते. ती घेऊ नका.

उपचार सुरू करण्याच्या दिवशी ठिपक्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. मग सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी, त्याच खिडकीच्या उजेडात. ठिपके दोन असतील तर सुरुवातीला एकावरच मलम लावून पाहता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर तीच ट्यूब पुन्हा विकत न घेता ते फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. पुढच्या आठवड्यात गोळ्यांविषयी.