तिकिटावरचा वेळ आणि हवेतला वेळ

लंडनचे हीथ्रो आणि ॲम्स्टरडॅमचे स्किपोल या विमानतळांमधले महावर्तुळ अंतर (पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर) सुमारे ३७० किलोमीटर आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जाते. मग तिकिटावर सव्वा तासाहून जास्त वेळ का, असे अनेकांना वाटते. कंपनी वेळ फुगवते, हा संशय अगदीच निराधार नाही. उशीर गृहीत धरून थोडी मिनिटे राखलेली असतातच. पण मुख्य कारण वेगळे आहे.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम (विमान एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला थांबेपर्यंतचा काळ). रिक्षाचा मीटर सिग्नललाही चालू राहतो, तसेच हे. स्किपोलची पोल्डरबान ही २००३ साली सुरू झालेली धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे, की उतरल्यावर गेट गाठायला पंधराएक मिनिटे सहज जातात. वाटेत विमान चक्क मोटाररस्त्यावरचा पूल ओलांडते. उलट दिशेने, हीथ्रोला गर्दी असली तर लंडनच्या ईशान्येला लॅम्बोर्नवर घिरट्या घालत पाळीची वाट पाहावी लागते. प्रत्यक्ष हवेतला वेळ साधारण पाऊण तास, आणि त्यातलाही बराचसा चढण्या-उतरण्यात जातो.

दुसरी गफलत घड्याळाची. ॲम्स्टरडॅम लंडनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापतात. त्यामुळे लंडनहून ९ वाजता निघालेले विमान ११.२० ला पोचलेले दिसते, तर परतताना ९ ला निघून ९.२० ला. जाताना एक तास वजा करावा, येताना मिळवावा.