मेळघाटचा मासा आणि पाण्यातील पकड

अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी येते. कोसोगणती लांबीची ही जलवाहिनी कोठे फुटली, तर दुरुस्तीसाठी सामान्यतः पाणी थांबवावे लागते. याचे कारण साधे आहे. दोन पदार्थ एकमेकांना चिकटावयाचे, तर त्यांचे पृष्ठभाग अगदी निकट यावे लागतात. आणि ओल्या पृष्ठभागावरील पाण्याचा पातळ थर नेमका त्यांच्यामध्ये उभा राहतो. दवाखान्यात हीच अडचण अधिक गंभीर रूप घेते. रक्ताने माखलेल्या जखमेवर साधा गोंद टिकत नाही. मानवाला अवघड वाटणारे हे काम पाण्यातील कित्येक क्षुद्र प्राणी मात्र सहज करीत आले आहेत.

या विद्येचा एक पाठ वऱ्हाडच्या उंबरठ्यावरच आहे. मेळघाटातील सिपना, खापरा यांसारख्या नद्या पावसाळ्यात वेगाने खाली झेपावत तापीला मिळतात. अशा डोंगरी प्रवाहांत आढळणाऱ्या ‘मळ्या’ जातीच्या माशाच्या तोंडाखाली, खालच्या ओठापासून बनलेली एक चकती असते. तिच्या आधारे तो निसरड्या दगडाला घट्ट धरून राहतो. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा या माशाला शास्त्रीय नाव देताना त्यांनी त्याचे मराठी नावच उचलले. डोंगरी प्रवाहांतील काही शिंगाळ्यांच्या छातीवर तर त्वचेच्या घड्यांची खास रचना असते व ती खडकाला घट्ट धरून राहते.

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग अशा माशांच्या अभ्यासात घालविला. पूर्व हिमालय व आसामकडील डोंगरी मासे सह्याद्रीत कसे आढळतात, असा प्रश्न त्यांना पडला. खडकाला धरून जगणारे हे मासे मैदानातील संथ, गाळमिश्रित पाण्यातून प्रवास करणे शक्य नव्हते. तेव्हा पूर्वी अधिक उंच व अधिक पर्जन्याच्या असलेल्या विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून ते पश्चिमेस सरकले असावेत, असे अनुमान त्यांनी मांडले. ‘सातपुडा सिद्धांत’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. पुढे भूशास्त्रज्ञांनी व अनुवंशशास्त्रज्ञांनी त्यावर अनेक आक्षेप घेतले. परंतु माशाच्या पकडीवरून पर्वतांचा इतिहास वाचण्याची ही दृष्टी असामान्य होती, यात शंका नाही.

परदेशातील प्रगती

निरीक्षणापासून वस्तूपर्यंतचा पुढचा प्रवास मात्र बव्हंशी परदेशात झाला. कोकणात ज्यांना शिणाणे म्हणतात, त्यांच्या जातभाईंच्या धाग्यांतील प्रथिनाचे रहस्य 1981 मध्ये हर्बर्ट वेट व मार्विन टॅन्झर यांनी उलगडले. या शिंपल्या ‘डोपा’ नावाच्या अमिनो आम्लाच्या साहाय्याने ओल्या खडकाला चिकटतात. 2007 मध्ये अमेरिकेतील फिलिप मेसरस्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रसायनाच्या आधारे जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर बसणारा लेप तयार केला. 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी जहाजाच्या तळाला चिकटणाऱ्या बार्नॅकलपासून धडा घेतला. तेलाने रक्त बाजूस सारून क्षणार्धात जखमेला चिकटणारा लेप त्यांनी प्राण्यांवर तपासून पाहिला. मोठ्या माशांच्या अंगाला चिकटून प्रवास करणाऱ्या रेमोराच्या डोक्यावरील चकतीची यांत्रिक प्रतिकृतीही 2017 मध्ये प्रसिद्ध झाली.

वऱ्हाडने काय करावे?

कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याच्या आणि कुपोषणाने ग्रासलेल्या मेळघाटाच्या प्रदेशाने माशाच्या ओठाचा विचार करावा काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे. साधने तुटपुंजी असली की एका कामावर केलेला खर्च दुसऱ्या कामातून वजा होतो, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. परंतु वऱ्हाडचा इतिहास याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देतो. येथील कापूस गाठी बांधून मँचेस्टरकडे गेला आणि कापड होऊन परत आला. मोल वाढविण्याच्या प्रत्येक पायरीचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडला. ज्ञानाच्या बाबतीतही आज तेच घडत आहे. निरीक्षण आपले, पेटंट दुसऱ्याचे, आणि औषधाची किंमत मात्र आपल्या रुग्णाच्या खिशातून, असा हा व्यवहार आहे.

संशोधनावर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या केवळ 0.64 टक्के खर्च 2020-21 मध्ये झाला. खासगी उद्योग अशा आरंभीच्या संशोधनात पैसा गुंतवीत नाहीत; कारण त्याचे फळ अनिश्चित असते व लाभ सर्वांना वाटला जातो. म्हणूनच हे काम सार्वजनिक संस्थांचे आहे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व अभियांत्रिकी हे विषय शिकविले जातात. पण त्यांच्या भिंती परस्परांशी बोलत नाहीत. मळ्याच्या चकतीची मोजमापे घेणे, ती किती ओढ सहन करते हे तपासणे, यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातही ते सामावेल.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावात जैवविविधता समिती व लोकनोंदवही अपेक्षित आहे. मेळघाटातील कोरकूंना ओढ्याचा प्रत्येक डोह ठाऊक आहे. त्यांचे ज्ञान नोंदले गेले, तर त्याच्या वापरातून होणाऱ्या लाभात त्यांचाही वाटा मागता येईल. नोंद नसेल, तर मागणार कशाच्या आधारे?

मात्र या साऱ्याला एक अट आहे. मळ्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते. ओढे उन्हाळ्यापूर्वीच आटले, रेती उपसली गेली व पाण्यात विष कालवून मासे मारले जाऊ लागले, तर अभ्यासावयास काहीच उरणार नाही. प्रयोगशाळा नंतरही उभारता येईल. आटलेल्या ओढ्यातील मासा मात्र कोणत्याही अनुदानाने परत आणता येणार नाही. ओढा राखणे हीच या संशोधनाची पहिली आणि सर्वांत स्वस्त गुंतवणूक होय.