मोठ्या बोकडाचा मोह

शेळ्यांच्या जातींची तुलना करायची म्हटलं की आधी टेप निघतो. खांद्यापाशी उंची, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, ही मुख्य मापं. त्यांतही घेर सर्वांत कामाचा, कारण वजनाशी त्याचं नातं जवळचं. मापं सेंटिमीटरमध्ये घेऊन घेराचा वर्ग लांबीने गुणायचा आणि १०,८४० ने भागायचं, की किलोतलं वजन अंदाजाने मिळतं. घेर ७० आणि लांबी ६६ असेल तर शेळी सुमारे ३० किलोंची. टेप जरा सैल पडून घेर ७३ भरला, तर तीच शेळी कागदावर ३२ किलोंच्या वर जाते. म्हणून शेळी सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभी हवी, सकाळी चारापाण्याआधी मोजलेली हवी आणि मोजणारा हात शक्यतो एकच हवा. दोनदाती पाठ (तरुण शेळी) आणि दात पूर्ण जुळलेली शेळी, किंवा गाभण आणि भाकड, यांची मापं एका रांगेत मांडली तर फरक जातीचा दिसतो, पण असतो वयाचा नि पोटाचा.

एवढी काळजी घेतल्यावर मापं बरंच काही सांगतात. कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींची नोंद करतो, तेव्हा रंग, कान, शिंगं यांच्याबरोबर ही मापंही लागतात. महाराष्ट्रातल्या उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी या जातींची तशी नोंद आहे. पण जात ओळखणं वेगळं आणि जात सुधारणं वेगळं. घोळ होतो तो इथेच. इटाव्याकडची जमनापारी खांद्यापाशी पाऊण मीटरच्या आसपास, तर बंगालची काळी शेळी अर्ध्या मीटरच्या जवळपास. टेपाच्या हिशेबात दुसरी सरळ हरते. मात्र ती लवकर वयात येते आणि एका वेतात दोन-तीन करडं सहज देते. शेळीपालकाचं उत्पन्न एका करडाच्या वजनावर ठरत नाही. वर्षाकाठी जगलेल्या करडांच्या एकूण वजनातून शेळीचा चारा वजा केल्यावर जे उरतं, त्यावर ठरतं.

त्याहून मोठी फसगत कळपातल्या कळपात होते. जुळ्यातलं करडू जन्मतः हलकं असतं आणि आईचं दूधही वाटून पितं. एकटं जन्मलेलं तेवढ्याच वयात उठून दिसतं. पैदाशीसाठी दर वेळी ‘सगळ्यांत मोठा’ बोकड राखला, तर नकळत एकेकटीच करडं देणाऱ्या शेळ्यांचे मुलगे निवडले जातात. जुळी देण्याच्या गुणाची आनुवंशिकता कमी असल्याने नुकसान एका पिढीत दिसणार नाही, पण दिशा उलटीच राहते. मेंढ्यांतला दाखला तर ठसठशीत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं बहुप्रसवतेचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. गारोळ अंगाने अगदीच किरकोळ. टेपाने निवड केली असती तर ती दारातूनच परत गेली असती.

यावर खाटीक म्हणेल, आम्ही पैसे वजनाचेच मोजतो. बकरी ईदला तर उंचापुरा बोकडच भाव खातो. खरं आहे. ईदच्या बाजारासाठी बोकड पोसणाऱ्याने उंची जरूर पाहावी, त्याचा धंदाच तो. पण वर्षभर चार-पाच शेळ्या माळावर चारणाऱ्या घराचा हिशेब वेगळा. थोराड शेळीला खायलाही जास्त लागतं आणि उन्हाळ्यात माळावर पाला वाढत नाही. मग दक्षिण आफ्रिकेच्या बोअर बोकडाचा संकर करावा का? जिथे गोठ्यात बांधून खुराक देणं परवडतं तिथे तो उपयोगी ठरतो. केवळ भटकंतीवर त्याची वाढ पुरती उतरत नाही. राहिला आक्षेप नोंदींचा, की लिहिणार कोण? जन्माचा महिना, एकटं की जुळं आणि तीन महिन्यांचं असताना छातीचा घेर, एवढं वहीत एका ओळीत मावतं. मग त्याच हंगामात जन्मलेल्या जुळ्यांची जुळ्यांशीच तुलना करावी आणि त्यांतला भरदार बोकड पैदाशीला ठेवावा. त्याच्यापासून झालेल्या पाठी वयात येण्याआधी मात्र तो गावाबाहेरच्या दुसऱ्या बोकडाशी बदलून घ्यावा.