पाऊण तासाची चित्रफीत

लोणावळ्यात भाच्याने मोबाइलवर कबड्डीचा सामना टिपला. 'मामा, तासाभरात कापून देतो,' म्हणाला. नियमाने २० मिनिटांची दोन सत्रे, मध्ये ५ मिनिटे विश्रांती; म्हणजे नुसते एकदा पाहायलाच पाऊण तास! शिवाय ३० सेकंदांच्या चढाईत पाहण्याजोगे असते जेमतेम दोन क्षण. ते हुडकायचे, मागेपुढे करायचे, जोडायचे. तीन संध्याकाळी गेल्या नि हाती उरली ४ मिनिटे. त्यांत सगळे चढाईवाले! डावा कोपरा सांभाळून शेवटची पकड करणारा पोर पाठमोरा, म्हणून गाळलेला. त्याची आई त्या दिवशी चिक्कीच्या दुकानातून सुटू शकली नव्हती. मी एवढेच सांगितले. भाचा कुरकुरला, पण चौथ्या संध्याकाळी पुन्हा बसला.